झोंबी मराठीत, मुंजा हिंदीत

जपानी व्हॅम्पायरवर हसलं तर कुणाचं काही जात नाही. गावच्या मुंजावर हसलं की दोन बाजूंनी माणसं धावून येतात. एक म्हणतो, "नाव काढू नको, ऐकतो तो." दुसरा म्हणतो, "कशाला असल्या गोष्टी सांगता, अंधश्रद्धा वाढते." पहिला देवऋषीकडे जाणारा, दुसरा विज्ञानवादी. दोघांचा आदेश मात्र एकच: गप्प बसा. माझं भांडण या दोघांशीही आहे.

आधी ॲनिमेबद्दल, कारण 'या वयात कार्टून?' हे मला घरीही ऐकावं लागतं आणि ऑफिसातही. 'ब्लड लॅड' (2013) मधला स्टाझ राक्षसांच्या दुनियेतल्या एका इलाक्याचा दादा आहे, जातिवंत व्हॅम्पायर. पण त्याला माणसाच्या रक्ताची ओढ नाही. त्याला हवेत जपानी कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम. 'द व्हॅम्पायर डाइज इन नो टाइम' (2021) मधला ड्रालुक तर इतका नाजूक, की जरा कुठे धक्का लागला की त्याची राख. परत उभा राहतो, परत राख. चार एपिसोड बघा आणि मग रात्री व्हॅम्पायरला घाबरून दाखवा. जमणार नाही.

हे जपानला आपोआप जमलेलं नाही. इनोउए एन्रियो (1858–1919) नावाचा तत्त्वज्ञ तिथे गावोगाव हिंडून अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं द्यायचा. पण त्याने भुतांच्या गोष्टी टाकून दिल्या नाहीत. त्या गोळा केल्या, त्यांची वर्गवारी केली, त्यांचं एक शास्त्रच मांडलं. पुढे शिगेरु मिझुकीने (1922–2015) आपल्या कॉमिक्समधून त्याच जुन्या योकाईंना पोरांचे दोस्त केलं. मिझुकी जिथे वाढला त्या साकाईमिनातो गावात आज रस्त्याच्या कडेने योकाईंचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत आणि लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात. भूत संग्रहात गेलं, कॉमिकमध्ये गेलं, रस्त्यावर आलं. मानगुटीवर बसायला मोकळं राहिलं नाही.

आता आपल्याकडे बघू. माल कमी आहे का? मुंजा, खवीस, झोटिंग, हडळ, जखीण, ब्रह्मसमंध, गिऱ्हा. प्रत्येकाचं झाड वेगळं, मेल्याचं कारण वेगळं, मागणी वेगळी. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे, आणि घरोघरी 'नवनाथ भक्तिसार' वाचला जातो. तो एकदा ॲनिमे बघणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचा. मच्छिंद्रनाथ भुतांच्या फौजेशी लढतात, वेताळाला नमवतात. वाताकर्षण अस्त्र, वज्रास्त्र, प्रत्येक अस्त्राला नाव आणि प्रत्येक अस्त्रावर तोड. गोरक्षनाथ मातीच्या पुतळ्यावर मंत्र म्हणतात आणि त्यातून गहिनीनाथ जिवंत होतात. हे सगळं पाटावर ठेवलेल्या पोथीत आहे आणि आपण 'नारुतो' बघून थक्क होतो.

वेताळाचंच घ्या. 1870 मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाला नाव दिलं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर'. पण आपला वेताळ रक्तासाठी मान शोधत फिरत नाही. तो प्रेतात शिरून राजाच्या खांद्यावर बसतो आणि कोडी घालतो. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. कोड लिहिणाऱ्या कुणालाही हा इन्फिनिट लूप लगेच ओळखू येईल. या गोष्टी ज्या 'कथासरित्सागरा'त आहेत, तो स्वतःला गुणाढ्याच्या बृहत्कथेचं सार म्हणवतो. दंतकथा अशी, की सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याने ती पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली. त्या सातवाहनांचं पैठण आमच्या शेवगाव तालुक्यासमोर, गोदावरीच्या पलीकडे आहे. आणि आज पुण्यात वेताळ टेकडीवर पळायला जाणाऱ्याला विचारा वेताळ कोण. तो घड्याळातली पावलं मोजत पुढे जाईल.

मराठी सिनेमाने काहीच केलं नाही असं नाही. 'झपाटलेला' (1993) मधला तात्या विंचू हॉलीवूडच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून आला, पण दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात असा मराठी झाला की अख्खी पिढी त्याला घाबरत घाबरत हसली. पण वीस वर्षांनी, 2013 मध्ये, आपण पुन्हा काय काढलं? तोच बाहुला, थ्रीडीत. मग 2022 मध्ये आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' आला. डोंबिवलीत झोंबी, मराठीत. मजा आली. त्याच दिग्दर्शकाने 2024 मध्ये 'मुंज्या' केला. कोकणातला, आपल्या पिंपळावरचा, आणि तो आला हिंदीत. शंभर कोटींच्या पुढे गेला. 2025 च्या दिवाळीत 'थामा' आला, त्यात वेताळाचा 'बेताल' झाला, तोही हिंदीत. म्हणजे परका मुडदा मराठी बोलला आणि घरचं भूत हिंदी. दिग्दर्शकाला दोष नाही. पैसा जिथे आहे तिथे माणूस जातो. प्रश्न आपल्याला आहे. मुंजा मराठीत विकला जाणार नाही, हे कुणी ठरवलं?

आणि मराठीत भूत आलंच, तर ते बहुतेक कोकणातलं असतं. माडाची झाडं, पाऊस, कौलारू वाडा. आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या भुतांना कुणी विचारत नाही. माझी आजी सांगायची, विहिरीजवळच्या पिंपळावरचा मुंजा येणाऱ्या-जाणाऱ्याला खडे मारायचा आणि आजोबा वर न बघता म्हणायचे, "बस की गप, बैलं बुजत्यात." भुताला दटावणारा शेतकरी! आख्खी सिरीज आहे यात.

आता विज्ञानवादी मित्रांना. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, जोडे भिजवलेलं पाणी पाजणं हा गुन्हा. भूत अंगावर सोडण्याची धमकी देणं हाही गुन्हा. गोष्ट सांगणं गुन्हा नाही. कायद्याला नेमकं कळलंय की धोका भुतापासून नाही, भुताच्या एजंटापासून आहे.

तो एजंट आजही धंदा करतो. सून जेवत नाही, रात्र-रात्र जागी असते, एकटीच बोलते. डॉक्टरकडे न्यायच्या आधी कुणीतरी हळूच म्हणतं, "बाहेरचं असंल." ते 'बाहेरचं' कुजबुजत बोललं जातं, म्हणून देवऋषीचं फावतं. त्याचं सगळं भांडवल या कुजबुजीत आहे. तुम्ही भुताबद्दल बोलणं बंद केलंत, तर त्याच्याबद्दल बोलणारा तो एकटाच उरतो. नुसत्या विनोदाने सून बरी होणार नाही, तिला डॉक्टरच लागेल. पण ज्या घरात मुंजाच्या खोड्या सांगून पोरं खिदळतात, तिथे उतारा काढायला आलेल्या माणसाला गंभीर चेहरा टिकवणं अवघड जातं.

म्हणून गावाकडे गेलात की रेंज शोधत गच्चीवर जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: आपल्या शिवारात कोण कोण होतं? कुठल्या झाडावर? काय मागायचं? रेकॉर्ड करा. आजीची बोली तशीच ठेवा, शुद्धलेखन तपासू नका. मग त्याचं कॉमिक करा, रील करा, गेम करा, पॉडकास्ट करा. पण मराठीत करा. आपला मुंजा हिंदी फार लवकर शिकलाय.