नवी गाडी डावीकडे ओढते तेव्हा



‘नवी गाडी ओढते? लगेच अलाइनमेंट करा’ हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला घाईचा आहे. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधे उंच, कडांना उतरता असतो. इंद्रवेल्ली-उटनूर रस्त्यावर डाव्या बाजूने जाताना गाडी किंचित डावीकडे सरकणारच. म्हणून आधी सपाट जागी चालवून पाहा. टायर थंड असताना हवा तपासा. मग पुढची चाके आपसांत बदला (टायरवर फिरण्याची दिशा छापलेली नसेल तरच). ओढ बाजू बदलते? मग दोष टायरचाच, अलाइनमेंटचे पैसे वाया! फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल तर ब्रेक दाखवा. गाडी सरळ, पण स्टिअरिंग तिरके, ही तक्रार मात्र अलाइनमेंटची. ते करताना अलाइनमेंटच्या आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद घेतल्याशिवाय गॅरेज सोडू नका.

– एक वाचक, उटनूर (जि. आदिलाबाद)