विश्लेषण : मोहम्मद अलींचे तंत्र खरेच निर्दोष होते का?

मोहम्मद अली महान होते, यात वाद नाही. पण त्यांची नक्कल करणाऱ्या नवख्या बॉक्सरला कोणताही प्रशिक्षक आधी हात वर घ्यायला सांगेल. अली हात कमरेपाशी ठेवत आणि ठोसा आला की डोके सरळ मागे नेत. मागोमाग डावा हुक आला, तर चुकवायला जागाच उरत नाही. 1963 मध्ये लंडनला हेन्री कूपर यांनी त्यांना अशाच हुकने खाली पाडले होते.

1971 मध्ये जो फ्रेझियर यांनीही 15व्या फेरीत तेच केले. तो काही नशिबाचा ठोसा नव्हता. अपरकट मारताना अलींचा उजवा हात खाली येतो, हे फ्रेझियर यांच्या गोटातील एडी फच यांनी आधीच हेरले होते. पुढे 1973 मध्ये याच फच यांच्या केन नॉर्टन यांनी अलींचा जबडा मोडला.

तरुणपणी पाय आणि नजर या चुका झाकत. व्हिएतनाम युद्धाला नकार दिल्याने साडेतीन वर्षे रिंगबाहेर गेली. परतल्यावर पाय मंदावले, सवयी त्याच राहिल्या. मग दोरांना टेकून मार झेलणे आले. 1974 मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमन दमले, म्हणून त्याला डावपेच म्हणतात! 1980 मध्ये लॅरी होम्स दमले नाहीत. 38 वर्षांचे अली दहा फेऱ्या मार खात राहिले. अखेर त्यांचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनीच लढत थांबवली.