रात्रीची कमी साखर म्हणजे शाबासकी नव्हे!

"डॉक्टर, काल झोपताना शुगर ७२ आली. एकदम कंट्रोलमध्ये!" असं पेशंट हसत सांगतो, घरचे कौतुकाने मान डोलावतात आणि मला मात्र काळजी वाटते. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी काही विशिष्ट औषधं घेणाऱ्याने ७२ वर झोपणं म्हणजे पेट्रोल रिझर्व्हवर असताना घाट चढायला निघणं.

जरा विचार करा. पुढचे सात-आठ तास पोटात काही जाणार नाही, पण औषधाचं काम चालूच राहणार. दिवसा साखर उतरली की हात थरथरतात, धडधडतं, भूक लागते आणि आपण काहीतरी खातो. झोपेत ही लक्षणं कळतातच असं नाही. सकाळी कपडे घामाने ओले असतात, डोकं जड असतं, रात्रभर वाईट स्वप्नं पडलेली असतात आणि आपण म्हणतो, "झोप नीट झाली नाही."

हा धोका कोणाला? मुख्यतः इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या घेणाऱ्यांना. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल किंवा रात्री मद्य घेतलं असेल, तर आणखी जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा इतकी उतरत नाही. म्हणून आज गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचा.

"पण डॉक्टर, साखर म्हणजे विष ना?" हा आपल्याकडचा सगळ्यात घातक गैरसमज. वाढलेली साखर वर्षानुवर्षं नुकसान करते, ते खरंच आहे. पण फार उतरलेली साखर एका रात्रीत घात करू शकते. डायबेटिस आहे म्हणून घरातून साखरेचा डबाच हद्दपार करणारी प्रेमळ माणसं मी पाहिली आहेत. तो डबा परत आणा. ते तुमचं तातडीचं औषध आहे.

आम्हा डॉक्टरांचंही चुकतं. "रात्री जेवणाआधी एक" असं आम्ही लिहून देतो, पण जेवणच झालं नाही तर काय करायचं, ते सांगत नाही. मग एकादशीला, चतुर्थीला किंवा तापात तोंडाला चव नसताना पेशंट गोळी इमानदारीने घेतो आणि ताट बाजूला सारतो. सत्तरीतल्या, अनेक आजार असलेल्या माणसाला तिशीतल्या तरुणाइतकं कडक लक्ष्य देणं हाही अट्टहासच. अशा व्यक्तीचं एचबीए१सी ८ च्या आत असलं, तरी बरेचदा पुरेसं असतं.

मग करायचं काय?

- झोपण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा प्या. साखर वर आली की अर्धी पोळी किंवा दूध-बिस्कीट खा, मगच झोपा.
- पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.
- व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साध्या साखरेचा उपयोग लवकर होत नाही. घरात ग्लुकोज पावडरच ठेवा.
- ७० ते १०० मध्ये असेल आणि वरची औषधं चालू असतील, तर थोडं खाऊन झोपणं शहाणपणाचं. तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.
- गोळीमुळे उतरलेली साखर वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते. "आता बरं वाटतंय" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना कळवा.

आणि घाबरून औषध मनाने बंद करू नका. टाइप १ असेल तर इन्सुलिन पूर्ण थांबवणं जिवावर बेतू शकतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "मी रात्री जेवलो नाही, तर या औषधाचं काय करायचं?" उत्तर कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. तो तुमचा हक्क आहे.