भेट की हप्ता?

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटते न पेटते तोच आमच्या वसईतील व्यावसायिक बंधूंच्या कचेऱ्यांत एक यादी तयार होऊ लागते. नाताळनिमित्त कोणत्या ग्राहकास काय धाडावयाचे, याची ती यादी. शेतीवाडीवर पोसलेल्या आमच्या समाजात आज ठेकेदार, कारखानदार, वाहतूकदार निर्माण झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आणि ज्यांच्यामुळे आपली चूल पेटते त्यांची सणासुदीला आठवण ठेवावी, हेही आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप देण्यावर नाही. ज्या रीतीने दिले जाते, तिच्यावर आहे.

गेल्या वर्षी एका परिचिताच्या कचेरीत अशी यादी आम्ही पाहिली. प्रत्येक नावापुढे वर्षभरात मिळालेल्या कामाचा आकडा होता आणि त्या आकड्यांच्या उतरत्या क्रमाने चांदीची नाणी, सुक्या मेव्याचे डबे आणि अगदी तळाशी नुसती दिनदर्शिका. ज्या ग्राहकाने पहिल्या पडत्या काळात काम देऊन हा धंदा उभा केला, तो आता निवृत्त झाला होता. त्याच्या नावावर काट मारलेली होती. आम्ही कारण विचारले, तेव्हा उत्तर आले, “आता त्यांच्याकडून काय मिळणार?” वाचकहो, या एका वाक्यात सारे आले. जेथे मिळण्याचा हिशेब आधी आणि देणे नंतर, तेथे भेट उरत नाही. तो हप्ता होय. रंगीत कागदात गुंडाळल्याने त्याचा गुण बदलत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला बजावतो की, परतफेड करू शकतील अशा श्रीमंत शेजाऱ्यांना नव्हे, तर ज्यांच्यापाशी फेडावयास काही नाही त्यांना पंक्तीला बोलाव. धंदा म्हणजे मेजवानी नव्हे, असे कोणी म्हणेल. ठीक आहे. मग धंद्याला धंदाच म्हणा. त्याला बाळ येशूच्या जन्माचे नाव देऊ नका.

ग्राहक सरकारी खात्यातला असेल, तर प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली आणि अधिकाऱ्याकडून गैर काम करवून घेण्यासाठी देणाराही स्वतंत्रपणे गुन्हेगार ठरला; सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावे लागले, तर सात दिवसांच्या आत तक्रार करण्याची वाटही कायद्याने ठेवली आहे. “सगळेच देतात” ही सबब न्यायालयात चालत नाही, आणि पापनिवेदनातही चालू नये. खाजगी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याबाबत आमची कसोटी साधी आहे: जी वस्तू त्याच्या कचेरीत, चार सहकाऱ्यांसमोर उघडता येईल, तीच पाठवावी. जी रात्री त्याच्या घरी पोहोचवावी लागते, ती भेट नव्हे.

आता निवडीविषयी. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी सोने, ऊद आणि गंधरस आणला. सोने राजासाठी, ऊद देवासाठी, गंधरस मर्त्य देहासाठी, असा अर्थ ख्रिस्तसभेच्या परंपरेने लावला आहे. म्हणजे आपण कोणाला देत आहोत, हे ओळखून त्यांनी दिले. आणि त्यांची नावे? संत मत्तयने ती नोंदविलेलीसुद्धा नाहीत. आम्ही मात्र पेल्यावर, पिशवीवर, घड्याळावर आपल्या कंपनीचे नाव ठळक छापतो, आणि घेणाऱ्याला काय रुचते याची चौकशीही करीत नाही. जैन व्यापाऱ्याच्या घरी अंड्याचा केक जातो. मद्य निषिद्ध मानणाऱ्या मुसलमान स्नेह्याच्या दारी वाइनची बाटली. त्याने ती हसून स्वीकारली, तरी आपण त्याला ओळखत नाही एवढे त्याला कळून चुकते.

विचारपूर्वक दिलेली भेट महाग असावी लागत नाही. आपल्या वसईची सुकेळी, वाडीतला केळीचा घड, घरच्या करंज्या आणि सोबत स्वहस्ते लिहिलेल्या चार ओळी: अमुक अडचणीत आपण आम्हांस सांभाळून घेतले, ते स्मरणात आहे. अशी चिठ्ठी माणूस जपून ठेवतो. चांदीचे नाणे कपाटात पडते. आणि ज्याचे नाव खोडले, त्या निवृत्त ग्राहकाकडे स्वतः जावे. त्याच्याकडून काहीच मिळणार नाही, म्हणूनच ती खरी भेट ठरेल.

शेवटची गोष्ट अधिक कटू आहे. ज्या कचेरीतून चांदी बाहेर पडते, तिच्याच खणात सुताराचे, वेल्डरचे, छापखानेवाल्याचे बिल महिनोन्‌महिने पडून असते. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ च्या कायद्याने बांधून दिले आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. परंतु काम तुटेल या भीतीने लहान माणूस ते मागत नाही. त्याच्या घरीही नाताळ असतो. त्याच्याही मुलांना नवे कपडे हवे असतात. त्याचे थकलेले पैसे ठेवून मोठ्या ग्राहकाला दिलेली भेट ही वस्तुतः त्या सुताराच्या खिशातून दिलेली असते; नाव मात्र आपले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: यंदा यादी करावयास बसाल, तेव्हा आधी देणेकऱ्यांची यादी नव्हे, आपण ज्यांचे देणे लागतो त्यांची यादी करा. चोवीस डिसेंबरपूर्वी ती पुरी करा. मग जे उरेल, त्यातून ग्राहकाला मनापासून द्या. ते थोडे असेल. परंतु ते आपले असेल, आणि मध्यरात्रीच्या मिस्साला गोठ्यासमोर गुडघे टेकताना मान खाली घालावी लागणार नाही.