घरातले गणित

'आमचे गणित पहिल्यापासून कच्चे' हे वाक्य आम्ही मराठीची प्राध्यापक मंडळी काहीशा अभिमानानेच उच्चारतो. घरातले मूल ते ऐकत असते, याचे भान आम्हांस क्वचितच राहते. अमेरिकेतील पहिली-दुसरीच्या मुलांविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, गणिताची धास्ती घेतलेले पालक गृहपाठात वारंवार मदत करू लागले की मूल वर्षभरात गणित कमी शिकते आणि धास्ती मात्र उचलते.

आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी संख्यावाचनाची रीत आली, तेव्हा घरोघरी थट्टा झाली. भाषा बुडाली म्हणून आमच्यापैकी अनेकांनी गळा काढला. ती रीत योग्य की अयोग्य, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. पण 'त्रेपन्न'मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे असतात आधी पाच; 'एकोणसाठ'मध्ये तर साठ ऐकून पाच लिहायचे! लेकराची ही अडचण शब्दांच्या अभ्यासकांनी तरी ओळखायला हवी होती. पाढे घोकून घेणारे पालक पुष्कळ आहेत. मुलाशेजारी बसून 'साठाला एक उणा' एवढे उलगडून सांगणे आम्हांला अवघड नव्हते. 'एक' आणि 'ऊन' यांचा संधी वर्गात आम्हीच तर सोडवून दाखवतो.