चढ म्हणजे चारित्र्याची परीक्षा नव्हे

चढावर कुणी सायकलवरून उतरून चालू लागलं, की आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. तुम्ही ते पाहिलं असेल. कदाचित तुम्ही स्वतः ते हसलाही असाल. माझं भांडण त्या हसण्याशी आहे.

चार वर्षांपूर्वी मी पोस्टडॉक म्हणून पिट्सबर्गला आले. प्रयोगशाळा ओकलंडमध्ये आणि परवडणारं घर एका टेकडीच्या माथ्यावर. गाडी घेण्याइतका पगार नव्हता, म्हणून जुनी रेसिंगची सायकल घेतली. ती माझ्यासाठी छंद नव्हती, कामावर जायचं साधन होती. सकाळी उतार, संध्याकाळी चढ. पिट्सबर्गचे चढ काय असतात हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. बीचव्ह्यू भागातल्या कॅन्टन अॅव्हेन्यूचा चढ ३७ टक्के सांगतात. म्हणजे शंभर फूट पुढे जाताना सदतीस फूट वर. माझा चढ त्याच्या पासंगालाही पुरणारा नव्हता, जेमतेम आठ टक्के. तरीही अर्ध्यात माझा श्वास संपायचा, गुडघे ठणकायचे आणि मी उतरायचे.

मग आपल्याच मंडळींच्या रविवारच्या सायकल गटात गेले. सल्ला मागितला. मिळाला तो असा: "जोर लाव. मनाची तयारी हवी. पाय टेकलास की संपलं." एकाने तर प्रेमाने सांगितलं, "आम्ही पण असेच रडत रडत शिकलो." मी जोर लावला. दोन महिन्यांत उजवा गुडघा इतका दुखावला, की जिना उतरताना कठडा धरावा लागे. सायकल तळघरात गेली आणि पुढचं वर्षभर मी बसच्या थांब्यावर उभी राहून स्वतःला समजावत राहिले, की आपलं शरीरच यासाठी नाही.

ते खोटं होतं. माझी तक्रार गुडघ्यापेक्षा या खोट्याबद्दल जास्त आहे.

आता जरा हिशेब मांडू. तो करायला कुणालाही मनाची तयारी लागत नाही. मी, सायकल आणि पाठीवरची पिशवी मिळून साधारण ७५ किलो. आठ टक्के चढावर ताशी सहा किलोमीटरने जायला सुमारे १०० वॅट लागतात. या वेगाला वाऱ्याचा विरोध नगण्य, जवळपास सगळं काम गुरुत्वाकर्षणाविरुद्धचं. १०० वॅट ही धडधाकट माणसाला काही वेळ झेपणारी गोष्ट आहे. मग मी का थांबत होते? माझ्या सायकलचं पुढचं लहान दातेरी चाक ३९ दातांचं होतं आणि मागचं सर्वांत मोठं २५ दातांचं. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटर पुढे जाणार. ताशी सहाच्या वेगाला मिनिटाला फक्त तीस फेरे होतात. प्रत्येक फेरा म्हणजे एका पायावर उभं राहून ओझं उचलण्यासारखा. हेच पुढे ३० आणि मागे ३६ दात असतील, तर त्याच वेगाला सत्तावन्न फेरे होतात. एकूण काम तेवढंच, पण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर जवळपास निम्मा. फुप्फुसांना काम तेच राहतं, गुडघे मात्र सुटतात.

वर्षभरानंतर सायकल विकायला दुकानात नेली, तेव्हा तिथल्या बाईंनी आधी मागची कॅसेट पाहिली आणि विचारलं, "यावर तुम्ही टेकडी चढत होता?" विकायचं राहिलं. पुढची चाकं, मागची कॅसेट आणि मागचा डिरेलर असं सगळं जुन्या भागांतून जमवून बदललं. तीन आठवड्यांत मी घरापर्यंत न उतरता पोहोचले. तीन आठवड्यांत माझं चारित्र्य सुधारलं नव्हतं.

गटातल्या कुणीही, एकानेही, माझ्या सायकलचे दात मोजले नव्हते. सगळ्यांनी माझी जिद्द मोजली.

तुम्ही म्हणाल, सोप्या गिअरची सवय लागली तर ताकद कशी येणार? ताकद सायकल चालवण्यातून येते, सायकल तळघरात ठेवण्यातून येत नाही. सोपा गिअर असला तर माणूस उद्या पुन्हा निघतो, परवाही निघतो. सहा महिन्यांनी तोच चढ तो एक गिअर जड ठेवून चढतो, त्याचं त्यालाही कळत नाही.

हा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये पॉल द व्हिव्ही नावाच्या गृहस्थाने सेंट-एतिएनच्या डोंगराळ भागात राहून, आपल्या मासिकातून गिअरच्या सायकलींचा वर्षानुवर्षं पुरस्कार केला. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांना मात्र गिअर म्हणजे पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय वाटत होती. खरा मर्द स्नायूंच्या बळावर जिंकतो. त्यांच्या या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. आज त्याच शर्यतीतले जगज्जेते डोंगरात असे सोपे गिअर लावतात, की देग्रांज यांनी कपाळाला हात लावला असता. म्हणजे ज्यांचे पाय जगात सर्वांत बळकट, ते गिअरला लाजत नाहीत. लाजतात ते आपल्या रविवारच्या गटातले, महागडी कार्बनची सायकल घेतलेले. दोन किलो वजन कमी केल्याचं ते कौतुकाने सांगतात. ७५ किलोत दोन किलो म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. वीस मिनिटांच्या चढावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास बचत. नवशिक्याला कॅसेट बदलून जे मिळतं, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

पिट्सबर्गमध्ये 'डर्टी डझन' नावाची एक प्रसिद्ध शर्यत होते. १९८३ मध्ये सुरू झाली. नाव डझनाचं, पण टेकड्या तेरा. तिचा नियम असा, की चढताना पाय टेकला तर खाली जाऊन पुन्हा सुरुवात करायची. मला तो नियम आवडतो. ज्यांनी तो खेळ स्वतःहून निवडला, त्यांच्यासाठी वर्षातल्या एका दिवसापुरता तो छान आहे. पण आपण तो नियम नवशिक्यांवर रोज लावतो. दिवसभर काम करून घरी निघालेल्या मुलीवर लावतो, पन्नाशीत पहिल्यांदा सायकल घेतलेल्या काकांवर लावतो, आणि मग म्हणतो, आपल्या लोकांना व्यायामाची आवडच नाही.

या शहराने स्वतः काय केलं ते बघा. खाली नदीकाठी काम आणि वर टेकडीवर वस्ती, अशी गत झाल्यावर १८७० मध्ये मोनोंगाहेला आणि १८७७ मध्ये ड्यूकेन, अशा केबलवर ओढल्या जाणाऱ्या गाड्या उताराला बसवल्या. जागोजागी सार्वजनिक जिने बांधले. पोलादासाठी प्रसिद्ध असलेलं हे कष्टकरी शहर; त्यानेही कामगारांना 'मनाची तयारी ठेवा' एवढं सांगून भागवलं नाही.

आणि आपण तरी मुळात असे कुठे होतो? माझे वडील साताऱ्यात पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे अॅटलस सायकलवर यायचे. गिअर नाही, मागे कॅरियरवर दळणाचा डबा. चढ सुरू झाला की उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. दूधवालेही उतरायचे, पोस्टमनही उतरायचे. कुणी हसत नसे. चढाला उतरणं हा सायकल चालवण्याचाच भाग होता. ते हसू आपण इथे येऊन शिकलो, सायकल वाहन न राहता प्रतिष्ठा झाल्यावर.

मला वाटतं, हे सायकलपुरतं नाही. 'आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, कुणी हात दिला नाही' हे वाक्य मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकू येतं. कष्ट खरेच असतात, ते मी नाकारत नाही. पण सरकारी पैशावर चाललेलं कॉलेज, विद्यापीठाची शिष्यवृत्ती, पहिले तीन महिने ज्याच्या सोफ्यावर झोपलो तो मावसभाऊ, हे सगळे गिअरच होते. ते विसरले की मागून येणाऱ्याला सांगायला एवढंच उरतं: जोर लाव. माझ्या ओळखीतली दोन पोस्टडॉक मुलं गेल्या वर्षी परत गेली. त्यांना आपण सगळ्यांनी धीर दिला. त्यांचा व्हिसा, मार्गदर्शक, घरभाडं यांतलं नेमकं काय जड जातंय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हणून, चढाला घाबरणारे नवशिके हो, तुमच्यासाठी चार साध्या गोष्टी. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा. भार आल्यावर चेन कुरकुरते. पायथ्याशी वाटतं त्याहून हळू निघा. बोलता येईल इतपतच दम लागू द्या. सीटवर बसून राहा आणि हँडल आवळू नका. सर्वांत हलका गिअर लावूनही फेरे मिनिटाला पन्नासच्या खाली जात असतील, तर दोष गिअरचा समजा आणि दुकानात जा. तोपर्यंत खुशाल उतरा आणि चाला. बॅटरीची सायकल हवी असेल तर ती घ्या. ती फसवणूक आहे असं म्हणणाऱ्याला तो स्वतः लिफ्ट वापरतो का, एवढं विचारा.

आणि तुम्ही, जे आधीच वर पोहोचला आहात, तुम्हाला एकच विनंती. पुढच्या रविवारी कुणी चढाच्या मध्यावर थांबलेलं दिसलं तर ओरडून प्रोत्साहन देऊ नका. थांबा, खाली वाका आणि मागच्या चाकाचे दात मोजा.

गेल्या उन्हाळ्यात मी पेन हिल्सच्या बालाजीला सायकलने गेले. ते देऊळही टेकडीवरच आहे. शेवटच्या चढावर दोनदा उतरले. दर्शन नीट झालं.