पूर सांगता येतो

आषाढ अर्धा सरला, तरणा पाऊस संपून म्हातारा लागला आणि घाटमाथ्यावर चार दिवस उघडीप मिळाली नाही, की कोल्हापूर-सांगलीकडे वृत्तपत्रांतून, पारांवरून आणि क्वचित कचेऱ्यांतूनही एक मत नेमाने ऐकू येऊ लागते. ते असे की, पुराचा अंदाज पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाइतकाच भरवशाचा. वाहन बेडूक असले म्हणून पाऊस पडतोच असे नाही आणि वेधशाळेने सांगितले म्हणून नदी चढतेच असे नाही. सबब या खटाटोपावर होणारा खर्च सरकारने भिंती आणि भराव बांधण्याकडे वळवावा. हे मत मांडणारे अडाणी नाहीत, त्यांतील काहींची घरे दोन-दोनदा बुडालेली आहेत, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे हसण्यावारी न नेता त्यातील एकेक कलम तपासून पाहणे उचित होईल.

पाऊसच नेमका सांगता येत नाही, तर पावसावर अवलंबून असणारा पूर कसा सांगणार, हे त्यांचे पहिले कलम. तर्कदृष्ट्या ते सुबक आहे. परंतु पाऊस पडणे आणि पूर येणे यांच्यामध्ये जो काळ जातो त्याचा त्यात विसर पडला आहे. महाबळेश्वरच्या माथ्यावर आणि कोयनेच्या खोऱ्यात कोसळलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर एकत्र येऊन सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पोहोचेपर्यंत दिवसाहून अधिक काळ लोटतो, आणि ते वाटेत असताना ते पडलेले असते, पर्जन्यमापकात मोजलेले असते, वरच्या पुलांवर उंचीच्या रूपाने नोंदलेलेही असते. मग येथे भविष्यकथन थोडे आणि जमाखर्च फार. कोयनेचे पाणलोट क्षेत्र सुमारे 892 चौरस किलोमीटर आहे. त्यावर सर्वत्र 100 मिलिमीटर पाऊस पडून तो सगळा वाहून आला, तर धरणात तीन टीएमसीहून थोडे अधिक पाणी येते, हे शाळेतल्या पोरालाही मांडता येईल. उलट बाजूने, एक लाख क्युसेकचा विसर्ग अखंड एक दिवस चालू राहिला तर 8.64 टीएमसी पाणी खाली जाते. या दोन बेरजा ज्याला करता येतात त्याला उद्याच्या नदीविषयी काहीच बोलता येत नाही, असे म्हणणे धाडसाचे आहे. दिल्लीच्या यमुनेसाठी केंद्र सरकारच्या जल आयोगाने 1958 साली शास्त्रीय पद्धतीने पूर सांगण्यास प्रारंभ केला, तेव्हा आकाशात ना हवामानाचा उपग्रह होता ना दप्तरात संगणक. वरच्या ठाण्यावरील पाणी खालच्या ठाण्यावर केव्हा आणि किती येते, एवढ्याच अनुभवसिद्ध संबंधावर ते काम उभे राहिले.

मात्र हे उत्तर सर्व नद्यांना लागू पडते असा दावा मी करणार नाही. कोकणातल्या नद्या आखूड आणि उतरणीच्या. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेले पाणी काही तासांत खाडीला भिडते, आणि तेथे भरती असेल तर गावात शिरते. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीने चिपळूणला जो दणका दिला तो याच जातीचा. त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा ठिकाणी पडलेला पाऊस मोजून भागत नाही, पडू घातलेला ओळखावा लागतो, आणि तेथे आक्षेपकांच्या म्हणण्याला निश्चितच वजन आहे. पण चिपळूणच्या अडचणीवरून सांगलीला निकाल लावणे हा न्याय नव्हे.

आता मोजणीकडे वळू. कारण अंदाज चुकतो कोठे, हे मोजपट्टीजवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. कोल्हापुरास पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झाले की इशारा आणि 43 झाले की धोका. आयर्विन पुलावर हेच आकडे 40 आणि 45. भर पावसात, मध्यरात्री, हाती विजेरी घेऊन उभा असलेला कर्मचारी पट्टीवरचा आकडा वाचतो, तेव्हा आपटणाऱ्या पाण्यामुळे तो आकडाच दोन-तीन इंच इकडेतिकडे होतो. या उंचीवरून प्रवाह काढण्यासाठी मागच्या मोजण्यांवरून आखलेला आलेख असतो. परंतु नदी चढत असताना एखाद्या उंचीला जितके पाणी वाहते तितके ती उतरताना त्याच उंचीला वाहत नाही, कारण चढतीच्या वेळी पाण्याच्या पृष्ठाचा उतार अधिक असतो. पुराचे पाणी देवळातून वाहू लागले की नरसोबाच्या वाडीचे पुजारी चढता दक्षिणद्वार आणि उतरता दक्षिणद्वार असा जो भेद पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत, तोच जलशास्त्राच्या ग्रंथात आलेखावरील वेटोळ्याच्या रूपाने भेटतो. त्यातही पंचगंगेचे दुखणे निराळे. वाडीच्या संगमावर कृष्णा आधीच तुडुंब असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, पाण्याला फूग येते, आणि शिरोळ तालुक्यात लख्ख ऊन पडलेले असतानाही पाणी इंचाइंचाने शेतांत चढत राहते. तेव्हा पंचगंगेचा अंदाज एकट्या पंचगंगेवरून करणारा फसतो. पण हे फसणे अज्ञेयाचे नसून अपुऱ्या हिशेबाचे आहे, आणि अपुरा हिशेब पुरा करता येतो.

दुसरा पूर्वपक्ष वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा आहे व मला तो अधिक प्रिय आहे, म्हणूनच अधिक धोक्याचाही वाटतो. ‘2005 साली पाणी या पायरीपर्यंत आले होते, यापुढे यायचे नाही,’ या एका वाक्यावर विसंबून 2019 च्या ऑगस्टात किती कुटुंबे घरात राहिली! त्या वर्षी आयर्विन पुलावरचे पाणी 2005 ची खूण मागे टाकून 57 फुटांच्या वर गेले. राजाराम बंधाऱ्यावर 2019 साली 55 आणि 2021 साली 56 फूट ओलांडले गेले. जुनी खूण खोटी नव्हती. परंतु दोन पुरांमध्ये पूरक्षेत्रात घरे उठली, रस्त्यांचे आणि पुलांचे भराव पडले, आणि जेथे पाणी पूर्वी निमूटपणे पसरत असे तेथून ते हटकले जाऊन दुसऱ्याच्या दारात गेले. नदीची कूस बदलली की आजोबांची पायरी साक्षीला येत नाही. भराव घालून अंदाजाचा खर्च वाचवू म्हणणाऱ्यांनी या साक्षीचाही विचार करावा.

तिसरे कलम कचेरीतले आहे. अंदाज आधीच जाहीर केला आणि पाणी आले नाही, तर लोकांचा विश्वास उडतो, शिवाय घबराट पसरते. म्हणून खातरजमा होईपर्यंत मौन बरे, असे तेथील शहाणपण सांगते. खातरजमा पूर्ण होते ती पाणी उंबऱ्याला लागल्यावर, हे ते शहाणपण सोयीस्करपणे विसरते. नदीकाठचा माणूस घर सोडीत नाही तो बहुधा हट्टाने नव्हे, गोठ्यातल्या म्हशींपायी. चार म्हशी, वैरण आणि म्हातारी माणसे उंचावर न्यायला त्याला रात्र नव्हे, दिवस लागतो. तो दिवस हातचा गेला की उरते ती नाव. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर निघालेल्या ग्रामस्थांची बोट उलटली आणि माणसे बुडाली. घबराटीच्या भीतीने गप्प बसणाऱ्यांनी या दुर्घटनेची किंमतही आपल्या हिशेबात धरली पाहिजे.

सगळा दोष धरणांवर, विशेषतः कर्नाटकातील अलमट्टीवर, टाकून मोकळे होणारा पक्ष सर्वांत मोठ्या आवाजाचा आहे. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीस कारण मानले नाही. त्यावर वाद चालू आहेत आणि खुशाल चालोत. पण धरण दोषी ठरो वा निर्दोष, दरवाजे केव्हा उचलायचे हे उद्या येणारे पाणी कळल्याविना ठरत नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे तर कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता उघडतात; ते केव्हा उघडतील हे आधी कळले तरच खालच्यांना सावध करता येते. धरणावर संतापणाऱ्यानेच अंदाजाचा सर्वाधिक आग्रह धरावयास हवा.

तर मग मंडन काय? अंदाज एका आकड्यात न देता पल्ल्यात द्यावा: उद्या संध्याकाळपर्यंत 44 ते 47 फूट, आणि यात 45 च्या वर जाण्याचा संभव इतका. आपले लोक एवढे समजण्याइतके शहाणे आहेत. बाजारभावाचा पल्ला ते रोज समजून घेतात. दुसरे, ‘आयर्विन पूल 45 फूट’ ही इत्तला सूर्यवंशी प्लॉट वा इनामदार प्लॉटमधल्या गृहिणीच्या उपयोगाची व्हावी, यासाठी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी खांबावर रंगवून ठेवावे की पुलावर किती फूट झाले म्हणजे येथे पाणी येते; कोल्हापुरात सुतारवाड्याला राजाराम बंधाऱ्याचा आकडा तसाच लावावा. निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर आहेत, पण नकाशे कपाटात आहेत. तिसरे, दिवाळीच्या सुमारास पाटबंधारे खात्याने दरसाल आपला जमाखर्च प्रसिद्ध करावा: कोणत्या दिवशी किती सांगितले आणि प्रत्यक्षात किती आले. यास फार मोठी तरतूद लागत नाही. थोडी लाज बाजूला ठेवावी लागते.

वाचकांपैकी जे नदीकाठी राहतात त्यांनी पुढच्या मृगापूर्वी आपल्या उंबऱ्याचा आकडा ग्रामपंचायतीस वा महापालिकेस लेखी विचारावा, आणि उत्तर न मिळाल्यास पुन्हा विचारावा.